गेनूची वायरमनकी

एका गावात एक भोळा गेनू राहत होता. त्याचा मामा तिथलाच वायरमन. गेनूला मामाची पोरगी छबू बायको करायची होती. मामा म्हणाला, "आधी माझ्या हाताखाली काम शिक. मग छबू तुझी."

गोठ्यातला दिवा मिणमिणत होता. मामा म्हणाला, "वायर लांब नि बारीक असली की अडथळा वाढतो, करंट कमी येतो. म्हणून आखूड नि जाड घ्यावी. ध्यानात ठेव."

गेनूनं ठेवलं. संध्याकाळी मामीनं विहिरीसाठी दोर मागवला. गेनूनं आखूड नि जाड दोर आणला. बादली मध्येच लोंबकळत राहिली.

"अरे, पाणी खाली आहे," मामी म्हणाली.

"पण अडथळा अजिबात नाही, मामी."

मामानं कपाळाला हात लावला. "हे बघ, टाकी जितकी उंच, तितकं नळाला पाणी जोरात येतं. व्होल्टेजचं तसंच. ते वाढलं की करंट वाढतो."

पुढं देवळातला बॅटरीवरचा दिवा मंद झाला. गेनूनं बॅटरी पाठीवर घेतली नि कळसापाशी नेऊन ठेवली. तिथून खाली लांबच लांब वायर सोडली. होता तो दिवाही विझला.

"हे काय रे?" पुजारी म्हणाला.

"पाणी उतरायला वेळ लागतो, काका."

मग मामाच्या घरचा फ्यूज उडाला. गेनूला आखूड नि जाड आठवलं. त्यानं कुंपणाची तार बसवली. मामीनं विजेची शेगडी लावली, नि बोर्ड जळून काळा झाला.

मामा म्हणाला, "फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते. करंट वाढला की ती तापून आधी तुटते, नि घर वाचतं. बदलताना आधी मेन बंद करायचा. आता आणखी एक घोळ कर, छबूला दुसरं स्थळ बघतो."

"आप्पा, शिकतोय तो," छबू म्हणाली. म्हणून लग्न ठरलं.

गोरज मुहूर्त होता. गेनूनं मंगळसूत्र बांधलं. गाठ ओढली, तशी तार तुटली. मणी मांडवभर घरंगळले.

मामानं तुकडा उचलला. "ही तर फ्यूजची तार."

"मीच ओवलं, मामा. भांडणात डोकी तापली तर आधी हे तुटेल. घर वाचेल."

मामानं हातातली काठी घट्ट धरली. छबू मणी वेचत म्हणाली, "आप्पा, मारू नका. काळा दोरा मागवा, दुसरं ओवू."

"थांबा," गेनू म्हणाला. बोर्डापाशी गेला नि त्यानं मेन बंद केला.

दिवे गेले. कर्ण्यावरची सनई गेली. अंधारात छबूचा आवाज आला, "आप्पा, दोरा माझ्याकडं द्या. ह्यांच्याकडं नको."