पेवाचं तोंड, पेवाचं पोट

श्रीराघवगिरी महाराजांचा मुक्काम त्या साली आसरखेडला, गावदेवीच्या देवळासमोरच्या निंबाखाली होता. एक धुनी, एक चिमटा आणि फाटकी घोंगडी, एवढाच महाराजांचा संसार. आसरखेड हे सुऱ्या-कट्यारी घडवणाऱ्यांचं गाव. पोलादावर छिन्नीने वेलबुट्टी कोरायची आणि कोरलेल्या चरात चांदीची तार ठोकून बसवायची, ही इथल्या कारागिरांची विद्या. खंडेनवमीला देवीपुढे कोहळा कापायचा तो अशाच नव्या, चांदी भरलेल्या सुरीने. चांदी न भरलेली कोरी सुरी देवीला चालत नसे.

ही सुरी करण्याचा मान मार्तंड कारागिराचा. मानाबरोबर माजही आला होता. त्याच्या कारखान्यात तानूबाई नावाची विधवा भाता ओढी. तिचा नवरा त्याच भट्टीपाशी राबून गेला. त्याची छिन्नी ती कमरेला खोचून असे. मंडळी जेवायला गेली की मोडक्या नालावर कोरून बघायचं, असं तिचं शिक्षण चाललं होतं. शिकवणं तर राहोच, मार्तंडाच्या नजरेस पडलं की तो नाल भिरकावून देई. एका बाईने छिन्नी धरली तर याच्या विद्येचं काय झिजत होतं, देव जाणे!

तानूबाई रोज महाराजांना भाकरी आणून देई. एके दिवशी तिचे डोळे सुजलेले दिसले. महाराज म्हणाले, "माये, काय झालं?"

"तार ऱ्हात न्हाई, महाराज. ठोकताना बसती, अन् घासाय घेतली की वर येती. ह्या हाताला विद्या न्हाईच."

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तुझ्या माहेरी जमिनीत धान्याचं पेव होतं ना? त्याचं तोंड केवढं?"

"माणूस उतरंल येवढं."

"आणि पोट?"

पोट दाखवायला तानूबाईने दोन्ही हात ऐसपैस फाकले, आणि तिच्या ध्यानात आलं. ती आजवर चर कोरत होती तो सरळ कडांचा, पाण्याच्या पाटासारखा. आता तिने तोंड अरुंद ठेवलं, छिन्नी तिरपी घालून तळ रुंद केला. ठोकलेली तार आत पसरली आणि तिथेच अडकून बसली.

नवमीच्या आदल्या दिवशी तिने आपली जुनी जोडवी मोडून स्वतः भरलेली सुरी कारखान्यात दाखवली. पात्यावर निंबाच्या पानांची डहाळी होती. "काम बरं हाय," एक म्हातारा कारागीर बोलून गेला, आणि मार्तंडाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"भाता वढणारी बाई देवीची सुरी भरणार? मग मी काय बांगड्या भरू?" असं म्हणत तो टोच्याने तार उपटू लागला. तार निघेना. खरं तर तिथेच त्याने ओळखायचं! पण नाही. त्याने सुरी भट्टीत धरली आणि चांदी वितळून निखाऱ्यांत पडली. वर तिच्या कमरेची छिन्नी हिसकावून पेटीत कोंडली. काम बरं म्हणणारे ते म्हातारबुवा आणि बाकीचे सगळे खाली माना घालून बसले. अन्याय करणाऱ्याइतकाच तो मुकाट बघणाऱ्यांचाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी घरोघर हत्यारांची पूजा चालली होती. तानूबाईने रिकाम्या चरांची सुरी महाराजांपुढे ठेवली. "महाराज, आज समद्यांची हत्यारं पुजत्यात. माझं त्येंच्या पेटीत हाय. आता पुन्यांदा छिन्नी हातात येत न्हाई माझ्या."

महाराजांचे डोळे लाल झाले. "चल," एवढंच ते म्हणाले. धुनीतली मूठभर राख घेऊन ते देवळाकडे निघाले.

देवळात मार्तंडाने ऐटीत कोहळ्यावर सुरी घातली. ती अर्ध्यात अडकली. ओढून काढली, तर चांदीचा वेल सुटून कोहळ्याच्या गरातच राहिला. मिरवण्याच्या नादात त्याने यंदा चर वरवर कोरून तार लाखेने चिकटवली होती. गुरवाने मार्तंडाचा हात थांबवला; वेल गेलेली सुरी आता कोरीच. कोहळा अर्धा कापलेला ठेवणं म्हणजे अपशकुन.

महाराजांनी तानूबाईची सुरी पुढे केली.

मार्तंड उसळून म्हणाला, "ती कोरी हाय, महाराज. तिच्यातली चांदी म्याच वितळवली काल."

भर देवळात, स्वतःच्या तोंडाने! गाव त्याच्याकडे बघतच राहिलं.

महाराज म्हणाले, "चांदी वितळवलीस. चर वितळला का?"

त्यांनी अंगठ्याने ती राख चरांत दाबून भरली आणि सुरी तानूबाईच्या हाती दिली. "माये, तू काप."

कोहळा एका घावात दुभंगला. गुरवाने सुरीवर पाणी घातलं, आणि काय सांगावं! पानन् पान चांदीचं. म्हाताऱ्या कारागिरांनी नखाने खरवडून पाहिलं, कण हलला नाही.

मार्तंडाने महाराजांच्या पायावर लोळण घेतली. महाराजांनी पाय मागे घेतले. "आमचे पाय कशाला धरतोस? आमची चांदी नव्हती ती."

मार्तंड वळला आणि ज्या बाईला त्याने आयुष्यभर भात्यापाशी बसवलं, तिच्यापुढे त्याने डोकं टेकलं.

तानूबाई म्हणाली, "उठा, मालक. आदी माझी छिन्नी आणा. नवमी सरायच्या आत तिला कुंकू लावायचंय."

मार्तंड अनवाणी धावत गेला. छिन्नी त्याने दोन्ही हातांवर ठेवून आणली, आणि तानूबाई तिला कुंकू लावीपर्यंत तो मान खाली घालून तशीच धरून उभा राहिला.