तिसऱ्या गाण्यातली शांतता

"…पण मास्तर, ती शांतता तुम्हाला सुचली कशी?"

मास्तर पडवीत स्टुलावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"कुठली शांतता?"

"'थर्ड शिफ्ट'मधली. तिसऱ्या गाण्यात ड्रम थांबतात, बेस थांबतो, तुमची गिटार थांबते… आणि मग काहीच नाही. हेवी मेटलच्या अल्बममध्ये निव्वळ शांतता! तीही सत्त्याऐंशी साली! जगात कुणाची छाती झाली नसती."

"असं व्हय?"

"मी लेख लिहिलाय त्यावर. 'मौनाचा घण.'"

मास्तरांनी पुढची शेंग उचलली.

विचारणाऱ्याचं नाव अभिनंदन मगदूम. जन्माने इचलकरंजीचा, कॉलेजामुळे पुण्याचा. केस खांद्याच्या खाली, पाठीवर गिटार आणि डोक्यात लेख. प्रश्न विचारताना उत्तर आपल्याजवळ तयार ठेवायचं, हे तो पुण्यात शिकला होता.

मास्तर म्हणजे सॅम्युएल आवळे. पन्हाळ्यावरच्या एका निवासी शाळेत सकाळच्या प्रार्थनेला पेटी वाजवायचे. शाळेतल्या पोरांना वाटायचं, मास्तर जन्मापासून पेटीच वाजवतात.

तसं नव्हतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका फौंड्रीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चार पोरांनी एके काळी हेवी मेटलचा बँड काढला होता. नाव 'रेड ऑक्साइड', कारण शेडमध्ये त्या रंगाचे डबे पडलेले असत. फौंड्रीचे कामगार म्हणायचे, आमची भट्टी बरी, निदान ती संध्याकाळी गप्प होते.

त्या बँडने आयुष्यात एकच अल्बम केला, 'थर्ड शिफ्ट'. कॅसेट निघाली. ज्यांनी विकत घेतली त्यांतल्या अर्ध्यांनी टेप बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकला.

बँडमध्ये गिटारी दोन होत्या. एक सॅम्युएलची आणि दुसरी रफीक मुजावरची. दोघं लहानपणापासूनचे मित्र. एका ताटात जेवायचे आणि एकाच पोरीवरून भांडायचे. पोरीने तिसऱ्याशीच लग्न केलं, तेव्हा दोघांनी मिळून तिच्या वरातीत वाजवलं.

मग रफीक तापाने गेला. बँड तिथेच थांबला. मास्तरांनी गिटार ट्रंकेत घातली आणि गड चढून वर आले.

तरी लोक शोधत यायचे. मला शिकवा म्हणायचे, सोबत आणलेली गिटार काढून तिसरं गाणं वाजवून दाखवायचे. मास्तर ऐकून घ्यायचे, 'छान' म्हणायचे आणि चहा टाकायचे. चहा म्हणजे नकार, एवढं आता पायथ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

"मास्तर, मला शिष्य करून घ्या."

"मी शिकवत न्हाई."

"मी पुण्याची नोकरी सोडून आलोय."

"ती का सोडलीस? … चहा घेतोस?"

अभिनंदनचा चेहरा उतरला.

"चहा नको, मास्तर. आधी ऐका. मग पाहिजे तर दोन कप पाजा."

मास्तरांना हसू आलं. पण त्यांनी ते शेंगांकडे बघत आवरलं.

अभिनंदनने गिटार काढली. सेलवर चालणारा डब्याएवढा अँप्लिफायर पायरीवर ठेवला आणि तिसरं गाणं सुरू केलं.

पोरगं वाजवत होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सूर न् सूर कॅसेटवरचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सॅम्युएलचं बोट एका तारेवरून घसरलं होतं. तिथे यानेही ते घसरवलं. अगदी भक्तीने घसरवलं.

शेजारच्या कोंबड्या आधी पळाल्या, मग परत आल्या.

आणि मग तो थांबला.

तारांवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

…

खाली रस्त्यावर एक जीप वळण घेत होती. तिचा आवाज आला आणि गेला.

…

मास्तरांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांचं एक बोट परातीच्या काठावर हलत होतं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मग अभिनंदनने डोळे उघडले आणि गाणं पुन्हा उचललं. बरोबर त्याच क्षणी, जिथे सॅम्युएल उचलायचा.

गाणं संपलं. मास्तर चहाला उठले नाहीत.

"ही कॅसेट तू कशावर ऐकलीस?"

"घरच्या टेपवर. वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये असतो."

"दुसरीकडं कुठं?"

"छे! दुसऱ्या टेपमध्ये घालूच दिली नाही कुणाला. फीत गुंडाळली गेली तर? एकच कॅसेट आहे, मास्तर. मामाने दिलेली. मी तिच्यापुढे अंघोळ करूनच बसायचो."

"बरं. टेपला स्पीकर किती?"

"दोन."

"दोन्ही वाजत्यात?"

"डावा मस्त वाजतो. उजव्यावर बाबा टोपी अडकवतात."

"गाणं चालू असताना?"

"हो. त्यातून तसंही काही येत ना…"

वाक्य तिथेच अडकलं.

अभिनंदनने एकदा आपल्या गिटारकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे. कानशिलं लाल झाली. अंगावरची पुण्याची भाषा गळून पडली.

"मास्तर… तिथं काय हाय?"

"रफीक हाय."

…

"सगळे थांबायचे आणि तो एकटा वाजवायचा," मास्तर म्हणाले. "रेकॉर्डिंगवाल्यानं त्याला उजवीकडं घातला, मला डावीकडं. आम्ही उभंच तसं राहायचो."

अभिनंदनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळ्यात आधी त्याला आपला लेख आठवला असणार. 'मौनाचा घण' आता त्याच्याच डोक्यात पडत होता.

मास्तर उठून आत गेले. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. चहाच्या भांड्याचा नव्हता.

ते बाहेर आले तेव्हा हातात गिटार होती. बसून त्यांनी ती सुरात लावली. घाई केली नाही. एक तार लागता लागेना, तिला त्यांनी एक शिवी दिली. मग लागली.

"परत वाजव."

"मास्तर, नको. मला आता…"

"वाजव म्हणतो न्हवं? जिथं थांबतोस तिथं थांब."

अभिनंदनने वाजवायला घेतलं. घसरायचं तिथे तो घसरलाच, नको तिथेही घसरला.

आणि थांबला.

मास्तरांनी तारेला हात घातला.

कॅसेटवर रफीकचा तो तुकडा विजेसारखा जातो म्हणतात. पडवीत तो तसा गेला नाही. चाचपडत गेला. दोनदा वाट चुकला, एकदा मागे वळला. मास्तरांनी तो आयुष्यात कधी वाजवलेला नव्हता. त्या वेळी ते दर खेपेला तारांवर हात ठेवून उभे राहायचे आणि मित्राकडे बघायचे. फक्त ऐकून जेवढा हातात उतरला होता, तेवढाच आज निघत होता.

तुकडा संपला. अभिनंदनला पुढचं उचलायचं होतं. त्याच्याने उचलवेना.

मास्तर रडत होते. रफीकची त्यांना फार आठवण आली होती आणि ती लपवण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"गाढव शेवटी एक सूर जास्तीचा लावायचा," ते म्हणाले. "मुद्दाम. मला आत यायला उशीर व्हावा म्हणून. आणि मग हसायचा."

"आणि तुम्ही?"

"मी काय… मीबी हसायचो."

…

"इथं लई जण येऊन गेले, पोरा. तुझ्यापेक्षा तयारीचे. सगळ्यांनी त्या जागेवर आपलं आपलं वाजवलं. लई भारी वाजवलं. माझ्या रफीकला कुणी उभं राहायला जागाच ठेवली न्हाई."

"मी मुद्दाम न्हाई ठेवली, मास्तर. मला म्हाईतच नव्हतं."

"ते कळलं मला."

अभिनंदन उठला. अँप बंद केला, गिटार कव्हरात घालू लागला. चेन अडकली. ती ओढता ओढता त्याचा आवाज फुटला.

"एवढी वर्षं मी छाती फुगवून सांगत फिरलो, मास्तर. 'थर्ड शिफ्ट' माझ्याएवढा कुणाला येत न्हाई म्हणून. आणि सगळा अल्बम अर्धाच शिकलो. प्रत्येक गाणं अर्धं."

"मग आता निघालास कुठं?"

"घरी. चांगला टेप घेतो. उजवीकडचं ऐकतो, सगळं बसवतो. पुरं आलं की मगच येतो तुमच्यासमोर."

मास्तरांनी परात बाजूला सारली. आपलं स्टूल उचललं, पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि अभिनंदनच्या उजव्या हाताला ठेवून त्यावर बसले. गिटार मांडीवर घेतली.

"बस खाली," ते म्हणाले. "मीबी अर्धंच वाजवलंय."