मरियाची हाक

हा समोरचा हेदुळाचा डोंगर. पूर्वी इथे काजू आणि करवंदीची जाळी होती, आता माथ्यापर्यंत रबर आहे. चीक काढणारी माणसं पहाटे वर चढतात, पण झाडाला लगेच सुरी लावत नाहीत. आधी ‘कूऽऽय’ अशी हाक घालतात. पलीकडून ओ आली की मगच काम सुरू. असं का, ते सांगतो.

फार वर्षांपूर्वी केरळातून तोमाचन नावाचा माणूस बायकोला, मरियाला, घेऊन इथे आला. दोघांनी डोंगर साफ करून रबर लावलं. रबराचं झाड सहा-सात वर्षं काहीच देत नाही. तेवढी वर्षं त्यांनी तग धरला. चीक निघू लागला तेव्हा एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये दाट धुकं. हाकेला हाक देत दोघं काम करायची. दुसऱ्याच हंगामात तोमाचन तापाने गेला.

मरियाला न्यायला तिचे भाऊ आले होते म्हणे. ती गेली नाही. त्याला इथे पुरलंय, म्हणाली.

मग ती एकटीच चीक काढू लागली. हाक मात्र रोज घालायची. ती खाली गावात ऐकू यायची, पण आमच्याकडे उजाडण्याआधीच्या हाकेला ओ देत नाहीत. देवचार, म्हणजे रानातलं भूत, आवाज नेतो, असं मानतात. कित्येक वर्षं ती हाक तशीच विरून गेली.

एका पहाटे हाक आलीच नाही. पायथ्याच्या ओढ्याच्या अलीकडे सरसू गावडे राहायची. उजाडताच ती वर गेली. मरिया तापाने फणफणली होती. सरसूने तिला पेज भरवली, रोज जाऊन भरवली. मरिया उठून बसू लागली तेव्हा सरसूने विचारलं, “रोज कोणाक गे हाक मारतंस?”

“तोमाचनाक.”

“तो तर गेलो.”

“ठावक आसा. पण दिसभरात माझा तेवढाच बोलणा.”

मरिया पुन्हा कामाला लागली, त्या पहाटे सरसूने अंगणातून ओ दिली. सासू आतून ओरडली, “आवाज जायत तुझो!” सरसूने दुसऱ्या दिवशीही दिली, आणि पुढे मरिया होती तोवर देत राहिली.

मरिया वारली. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत सरसू कुणाशी एक शब्द बोलली नाही, असं सांगतात. देवचाराने आवाज नेला, म्हणाले लोक.

पुढच्या हंगामात मळ्यावर नवा गडी आला. तो मुकाट्याने सुरी लावणार, तोच खालून हाक आली. त्याला काही कळेना. हाक पुन्हा आली, पुन्हा आली. शेवटी त्याने भीत भीत ओ दिली. तेव्हा सरसू अंगणात पोटभर रडली म्हणे.

आजही ओ आल्याशिवाय कुणी सुरी लावत नाही. फक्त कड्यावरच्या शेवटच्या रांगेपलीकडे माणूसच नाही, नुसती दरी आहे. तिथला गडी दरीकडे तोंड करून हाक घालतो, जरा वेळ थांबतो, आणि मग कामाला लागतो.