धाकूचे चार चिरे

खारवणेवाडीत आलात की परसांचे दगडी गडगे बघा. प्रत्येक गडग्यात शेळी शिरेल एवढं खिंडार, आणि खिंडाराशी चार चिरे रचून ठेवलेले. पाहुणे विचारतात, गवंडी मजुरी न घेताच पळाला की काय? हसा बापडे, आम्हाला सवय आहे. पण त्या चिऱ्यांना हात लावलात तर म्हाताऱ्या बायका अंगावर येतील.

त्याचं असं सांगतात. धाकू खारवी आणि इसाक शेजारी, दोघेही आगबोटीवरचे खलाशी. दोघांनी मिळून परसांमधला गडगा घालायला घेतला. धाकूने विहिरीकडून, इसाकने वाटेकडून. मधलं खिंडार जो बुजवेल तो जिंकला, हरेल त्याने वाडीला सुरमईचं जेवण घालायचं. चार चिऱ्यांचं काम उरलं आणि बोटीवरून बोलावणं आलं. लढाईचे दिवस होते. निघताना धाकूने चंद्रभागेला, आपल्या बायकोला, बजावलं, "हे चार माझे. कुणाला लावू देऊ नकोस."

पावसाळ्याच्या तोंडाशी तार आली. पाणबुडीने बोट बुडवली होती. इकडे शेळ्या रोज अळू फस्त करायच्या. सासरा म्हणाला, बुजव आता. चंद्रभागा हातात काठी घेऊन खिंडारातच बसली. तांदूळ तिथेच निवडायची, केस तिथेच विंचरायची. डोकं फिरलं हिचं, असं वाडी म्हणायची.

नऊ महिन्यांनी त्याच खिंडारातून इसाक आला, हाडांचा सापळा होऊन. त्याने सांगितलं ते असं म्हणे: भर दुपारी धडाका झाला, दोन होड्या पाण्यात सोडल्या, एकीत तो, दुसरीत धाकू. लाटांनी होड्या लांब नेल्या. धाकू उभा राहून ओरडत होता, "इसाक, माझ्या चिऱ्यांना हात लावू नको रे!" ती होडी पुन्हा कुणाला दिसली नाही.

चंद्रभागा रडली, पोटभर रडली. इसाकने चिरा उचलला. "वहिनी, पैज मी हरलो. त्याच्या नावाने मीच बुजवतो."

"जेवण घाला, भावजी," ती म्हणाली. "पण चिरा खाली ठेवा. घरधनी आले आणि जागा भरलेली दिसली, तर काय सांगू?"

इसाकने जेवण घातलं. पुढे वाडीत कुणीच गडगा पुरा केला नाही.

चंद्रभागा जाऊनही खूप वर्षं झाली. आजही शेळ्या अळू खातात, आम्ही हाकलतो. आणि पावसाळा सरला की दोन्ही घरच्या सुना धाकूच्या चिऱ्यांवरचं शेवाळ घासून काढतात. तो लावायला घेईल तेव्हा हातातून निसटायला नकोत.