शेवटची वीत

गल्लीच्या तोंडाशी हा जो बुटका दगडी ओटा आहे ना, त्याला राहीचा ओटा म्हणतात. आणि दुकानांच्या चौकटींवर खिळ्यांना या ज्या पट्ट्या लोंबताहेत, लेसच्या, गोटाच्या, जरीच्या, त्या शोभेसाठी नाहीत. रिळावरचा माल संपत आला की शेवटची वीत आम्ही कापून तिथं टांगतो. ती विकत नाही. मागाल ती किंमत देऊ म्हणणारे येतात, फुगून निघून जातात. तुम्हीही मघाशी थोड्या फुगलात, मी पाहिलं. बसा ओट्यावर. अख्ख्या मुंबईत न मिळालेला काठ शोधत आलेल्याला आम्ही आधी इथंच बसवतो. त्याचं कारण सांगतात ते असं.

ट्राम यायच्याही आधीची गोष्ट. दापोलीकडची राही नावाची एक विधवा बाई कडेवर पोर घेऊन बोटीनं इथं आली. माहेर तुटलेलं, सासरी थारा नाही. धुणीभांडी करायची आणि पोराला वाढवायचं, एवढंच तिचं जग. थंडी पडली तेव्हा तिनं जुन्या लुगड्याची कुंची शिवली आणि तिला लावायला याच गल्लीतून काठ नेला. पोपटी पट्टी, तिच्यावर डाळिंबी ठिपके. म्हणे त्या कुंचीत ते पोर इतकं गोड दिसायचं की वाटेवरच्या बायका थांबून गालाला हात लावायच्या.

एका जत्रेत गर्दी उसळली. कोण कुणाला ढकलतंय कळेना. राहीनं पोराला कुंचीला धरून ओढलं, आणि तिच्या हातात काठ तेवढा राहिला. वीतभर. पोर गर्दीत हरवलं.

चौक्या झाल्या, धर्मशाळा झाल्या, देवळांच्या पायऱ्या झाल्या. पोराचा पत्ता लागला नाही. मग ती या ओट्यावर येऊन बसली. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. पण तिचा हिशेब सरळ होता. दुकानादुकानांतून ती सांगत फिरली, "पोर ज्या घरी असंल, तिथं येक तरी बाई असंलच की. बाईमाणूस फाटका काठ तसा ठेवायची नाय. जोड शोधाया ती हितंच येणार. आली की मला हाक मारा."

सगळ्यांनी माना हलवल्या. राही रोज कामं उरकून ओट्यावर बसायची. गल्लीत येणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा नाही, हात बघायची. हातात पोपटी तुकडा आहे का, एवढंच. बोलायला कुणी नव्हतं तिला. संध्याकाळी दुकानांच्या फळ्या लागल्या की ती उठायची, सकाळी पुन्हा यायची.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. आम्ही गिऱ्हाइकाकडे बघत नाही. तुकडा हातात आला की तो पालटायचा, मागची वीण बघायची, रिळाची वीण बघायची, जुळली की कापून द्यायचं. पुढचा रंग फसवतो, मागची वीण फसवत नाही. तुम्ही समोर राणी उभी करा, आम्हाला विचाराल तर आम्ही तिच्या पदराची झालर सांगू.

दिवाळीची गर्दी होती. धाकूशेट पारकर म्हणून एक दुकानदार होते. कुणीतरी तुकडा पुढे केला. धाकूशेटनी सवयीनं पालटला, वीण जुळवली, रिळावर उरलेली शेवटची वीत कापून दिली आणि तो तुकडा चिंध्यांच्या टोपलीत टाकला. राहीच्या हातातली पट्टी मळून काळपट झाली होती, हा तुकडा धुऊन धुऊन फिका झालेला. शिवाय उलटा. त्यांना शंकाही आली नाही.

संध्याकाळी टोपली रिकामी करताना तो तुकडा सुलटा पडला. डाळिंबी ठिपके. एक टोक कात्रीनं कापलेलं, दुसरं ओढून फाटलेलं. धाकूशेट तसेच अनवाणी ओट्यापाशी धावले. राहीनं आपली पट्टी शेजारी धरली. फाटलेले धागे धाग्यांना लागले.

"कोण होती? कशी होती?"

धाकूशेटना तोंड आठवेना. उंच की बुटकी, म्हातारी की तरणी, काहीच आठवेना. गल्लीला मागूनही वाट आहे. ती बाई तिकडूनच आली असावी आणि तिकडूनच गेली. आणि त्या काठाची आता वीतही शिल्लक नव्हती. पुन्हा ती कशाला येणार?

"वीण आठवते गं माझे आई," म्हणत धाकूशेट ओक्साबोक्शी रडले. "आणि काकणं. हातात हिरवी काकणं होती."

राहीनं फाटलेले धागे बोटानं सारखे केले. मग म्हणाली, "हिरवी व्हती ना? भरलं घर हाय म्हनजे. आन् काठ लावून घेतला, म्हनजे माझ्या लेकराला थंडी वाजू देत नाय ती." तिनं आपली पट्टी धाकूशेटच्या चौकटीला अडकवली. "पुन्यांदा उसवलं तर येईल. तवा मातर तोंड बगा."

धाकूशेटनी तिथंच शपथ घेतली, आणि त्यांच्यामागून साऱ्या गल्लीनं. शेवटची वीत विकायची नाही. तिचा जोड घेऊन येईल त्यालाच ती द्यायची, फुकट. आणि देण्याआधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, तोंड बघायचं आणि विचारायचं, कुणाचं आहे हे?

राही मरेपर्यंत या ओट्यावर बसली. कुणी आलं नाही. आलं असं सांगणारेही भेटतात, पण ते गोष्ट गोड करतात. मला ते पटत नाही.

आजही ती पट्टी त्या चौकटीला आहे. ते दुकान आता माझं, रंगनाथ पतंग्याचं. रंग उडाला, ठिपके गेले, मी तिला हात लावू देत नाही. हल्ली लोक मोबाइलवर फोटो दाखवतात. फोटोला मागची बाजू नसते, त्याचं मी काय करू? आणि खरं सांगतो, माझ्या घरी आता कुणाचं काही शिवायचं उरलेलं नाही. दिवस दिवस कुणी तुकडा घेऊन येत नाही, तेव्हा हा ओटा मला बघवत नाही.

पण तुम्ही आणलाय. मघापासून मुठीत धरलाय, घामेजला असेल. द्या इकडे. थांबा, पालटत नाही अजून. आधी पाणी घ्या, तोंड वर करा.

हं. कुणाचं आहे हे?