मार्चातलं बाक

सरकारचा इकासाचा पैसा आमच्या डोंगरावर चढतो, तो मार्च संपायला आल्यावरच. त्या सालीबी तालुक्याचं बिडकर सायेब धापा टाकत आलं आन म्हनलं, "आज खर्च दाखवला नाही तर पैसा माघारी जाईल. सिमेंटची बाकं घ्या!"

आमाला पायजे हुतं पानी. वरच्या झऱ्यावरनं हंडे वाहून बायांच्या माना मोडायला आल्या हुत्या.

आमची सरपंच सोनाक्का म्हनली, "सायेब, झऱ्यापासनं नळी टाकून द्या की."

"पाण्याच्या मंजुरीला वर्ष जातं, बाई. बाकं लगेच मंजूर होतात."

दरसाल हेच. गावात मानसांपरीस बाकं जास्त झाली, आन बसायला सवड कुनाला? सोनाक्का बिचारी भांडूनबी दमली हुती.

म्या इचारलं, "सायेब, बाक कसलंबी चालंल?"

"कसलंही घ्या, आबा. बिल तेवढं आजचं पाहिजे."

"मग औंदा एकच द्या. लोखंडी. झऱ्यापासनं गावापतुर लांब. आन आतनं पोकळ आसूं द्या, गरिबाच्या बुडाला भरीव माल कशाला?"

सायबानं माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आन सही ठोकली.

फुडं वरचा मोठा सायेब तपासायला आला. "बाक कुठंय?" म्हनला. बिडकर सायबाला घाम फुटला.

म्या मोठ्या सायबाला हाताला धरून नळीवर बसवलं. म्हनलं, "बसा निवांत. आतनं पानी जातंय, जरा गार लागंल."