अजगराची अंगाई कोणी गावी

एका राज्यात, दिवस उगवून दोन घटका झाल्या असताना, गडाखालच्या खजिन्याच्या भुयारात गाणे थांबले.

त्या भुयारात राजाच्या आजोबांनी लुटून आणलेला सोन्याचा ढीग होता. ढिगाभोवती वेटोळे घालून एक अजगर निजला होता आणि अजगराच्या पाठीवर अख्खा गड उभा होता. अजगर जागा झाला तर गड कोसळणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याला अंगाई गाण्यासाठी हरिपाळ नावाचा एक गायक नेमला होता. त्या सकाळी हरिपाळाचा आवाज कडव्याच्या मध्येच तुटला. अजगराने कूस बदलली आणि गावातल्या उतरंडी खडखडल्या.

गडाच्या माथ्यावर अंबुजा वाऱ्याची दारे सांभाळत असे. सकाळी पूर्वेचा वारा सोडायचा, दुपारी तो आत घेऊन पश्चिमेचा सोडायचा, सांजेला दोन्ही कोंडून अडसर लावायचा, हे तिचे काम. वाऱ्यावाचून नदीतले शिडाचे पडाव हलत नसत आणि खळ्यावर धान्य उपणता येत नसे. गड हलला तशी ती धावत खाली आली. भुयारात पाहते तो गाण्याचा चौथरा रिकामा. हरिपाळ कुठेच नाही आणि अजगराची पापणी थरथरते आहे. तिला अंगाई येत होती. त्या गावात ती सर्वांनाच येई. चौथऱ्याचा मान दुसऱ्याचा, म्हणून ती पायरीवरच उभी राहिली आणि गायली. अजगर निजला.

दुपारी कोणी आले नाही, म्हणून ती पुन्हा गायली. संध्याकाळीही गायली. दुसऱ्या दिवसापासून ते तिचेच काम झाले. कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही.

आता या राज्याला एक जुना शाप होता. राजाच्या कामावरचा माणूस काम करत असेपर्यंत दिसत नसे. भिश्ती दिसत नसे, त्याची पखाल दिसत नसे. रांजण मात्र भरलेले असत. काम संपवून माणूस घरी बसला की पायापासून डोक्यापर्यंत हळूहळू परत उमटे. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की कोणाला त्यात वावगे वाटत नसे. दरबारात तर सगळे आपोआपच होते, असे मानण्याची रीत होती.

रीत म्हणून सोन्याच्या पिंजऱ्यात एक बोलणारा धनेश पक्षी ठेवला होता. राज्यातले कोणतेही काम थांबले की तो मोठी चोच उघडून ओरडे, “जागा रिकामी!” मग प्रधान नवा माणूस नेमत. धनेश ओरडला नाही तर सर्व ठीक. अंबुजा दोन्हीकडे धावत होती, म्हणून धनेश गप्प होता आणि धनेश गप्प होता म्हणून सर्व ठीक होते.

एके दुपारी ती जेवायला घरी आली. तिचा नवरा नागोजी बुरूड टोपली विणत अंगणात बसला होता. ती पाटावर बसली, पाय उमटले, लुगडे उमटले, तोंड उमटले. डावा पंजा काही उमटेना.

नागोजीने वाट पाहिली, मग म्हणाला, “अगं, हात कुठे ठेवून आलीस?”

ती म्हणाली, “येईल मागाहून.”

तो आला नाही. एका माणसाने दोन माणसांचे काम केले की शाप त्याला हप्त्याहप्त्याने गिळत असे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. पण काहीतरी बिनसले आहे एवढे तिला कळले. ती तशीच उठली आणि प्रधान मतिसागर यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

मतिसागरांनी तिचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. हा त्यांचा गुण होता. मग त्यांनी धनेशाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, की जागा रिकामी असती तर तो ओरडला असता. तो ओरडला नाही, म्हणजे जागा भरलेली आहे. अंबुजा म्हणाली, भरलेली आहे कारण मी गाते. प्रधान म्हणाले, मग अडचण काय आहे.

तरीही ती हटेना, तेव्हा त्यांनी तिला तीन कामे सांगितली. नेमणुकीचा हुकूम अग्निबगळ्याच्या पिसानेच लिहावा लागतो, ते पीस आण. ज्या जादूगाराने अजगराला निजवले, त्याचा होकार आण. ही दोन झाली की तिसरे सांगतो. आणि हो, गाणे आणि वारा, दोन्हींत खंड पडता कामा नये. मदत मागायला आलेल्या बाईला आणखी तीन कामे देऊन त्यांनी पानाचा विडा उचलला.

दुपारची अंगाई संपली की सांजेचे दार लावेपर्यंत जो वेळ उरे, तेवढाच अंबुजाचा. तिने पश्चिमेच्या वाऱ्याचे एक टोक कमरेला बांधले आणि मिठागरांपलीकडच्या पेटत्या बेटावर गेली. तिथे अग्निबगळे निखाऱ्यांत पाय रोवून उभे असतात. तिने एकाला पीस मागितले.

बगळा म्हणाला, “कशाला हवे?”

“माझ्या वाटणीचे नसलेले काम दुसऱ्याला द्यायला.”

“मग दोन घे,” बगळा म्हणाला. “लिहिणारे लोक पहिले पीस हरवतात.”

ती परतली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत गेला होता.

जादूगार राहत होता कोरड्या सरोवराच्या तळाशी, एका उलट्या नावेखाली. पांढरी दाढी त्याने गळपट्ट्यासारखी मानेभोवती गुंडाळली होती. अंबुजाने वाकून नमस्कार केला आणि आधी त्याचे नाव विचारले. म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला.

“ओघवीर,” तो म्हणाला. “या राज्यातल्या माणसाने मला हे पहिल्यांदा विचारले.”

मग त्याने सांगितले. अजगराला त्याने निजवले, वाऱ्याची दारेही त्यानेच बसवली. बारा वर्षे राबला. काम पुरे झाले त्या दिवशी राजाचे आजोबा उंबरठ्यावर उभे राहून म्हणाले, वा, दारे छान झाली आहेत, आणि त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. तेव्हा संतापून त्याने शाप दिला: तुझ्या राज्यात कामे दिसतील, माणसे दिसणार नाहीत.

अंबुजाने विचारले, उतारा काय.

“राजाने कामाच्या जागी यावे आणि काम करणाऱ्याला नाव विचारावे. एवढेच.” ओघवीर हसला, पण त्यात गंमत नव्हती. “पण राजा कामाच्या जागी येईल कशाला? काम तर होतच असते.”

होकार म्हणून त्याने आपल्या दाढीचा एक केस तिला दिला.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि पाटावर बसली. पाय उमटले, कंबर उमटली. त्यावर काहीच नाही. नागोजीच्या हातातली बांबूची कांब गळून पडली. त्याने पुढे होऊन चाचपडत तिचा चेहरा शोधला, कपाळ, नाक, ओठ. सगळे जागेवर होते, फक्त दिसत नव्हते.

“आता मला थट्टा सुचत नाही बघ,” तो म्हणाला.

तिने त्याला ओघवीराचे बोलणे सांगितले. पीस आहे, होकार आहे, उद्या तिसरे काम कळेल, तेवढे केले की सुटले, असेही सांगितले. नागोजी तिचा हात धरून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मतिसागरांनी पीस पाहिले, केस पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. मग म्हणाले, “तिसरे काम सोपे आहे. नौबतखान्यातला माणूस गेले काही दिवस येत नाही, पहारेकरी कशीबशी वाजवतात. तू इतके सांभाळतेस, तर नवी नेमणूक होईपर्यंत नौबतही तूच वाजव.”

अंबुजाला आधी राग आला नाही, नवल वाटले. या माणसाला ती खरोखरच दिसत नव्हती, आणि त्याला शापाची गरजच नव्हती. राग त्यानंतर आला, आणि जाईना.

“नाही,” ती म्हणाली.

प्रधानांनी आवाजाच्या दिशेला पाहिले. “काय म्हणालीस?”

“तिसरे काम मी करणार नाही. दुसरे, गाण्याचे, तेही उद्यापासून करणार नाही. पहिले, वाऱ्याचे, माझे आहे, ते करीन.”

ती निघून गेल्यावर कोषाध्यक्षाने घाबरून विचारले, खरेच गायली नाही तर? मतिसागर म्हणाले, “गाईल. अशी माणसे गातातच.”

सांजेला दारे लावण्याआधी अंबुजाने माथ्यावर उभे राहून वाऱ्याच्या हाती निरोप दिला. वाऱ्याने तो घरोघरी पोहोचवला: उद्या सकाळी भुयारात कोणी गाणार नाही. उतरंडी उतरवून ठेवा. म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या पोरांना गडावरून उतरवून मोकळ्या माळावर न्या. गोठ्यातली दावी सोडा. चिडून का होईना, लोकांनी ऐकले. गावात तिला शिव्याही बसल्या. सगळ्यांचे ठीक चालले असताना हिलाच काय झाले, असे एका सावकारीणबाईने माळावर बसून सर्वांना विचारले. पण आपल्या उतरंडी त्यांनीही उतरवल्या होत्या.

सकाळ झाली. अंबुजाने पूर्वेचे दार उघडले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच घाई न करता, बिजागऱ्यांना तेल घालून, वारा दोन्ही हातांनी सारखा करून सोडला. मग उंबऱ्यावर बसली. नागोजी शेजारी येऊन बसला. त्याने भाकरी आणली होती.

गड हलला.

तिचे पाय आपोआप उठले. खाली जायला किती वेळ लागतो ते त्यांना पाठ होते. एक कडवे तर गायचे, मग बघू. तिने चौकट घट्ट धरली. गड पुन्हा हलला आणि खालच्या बुरुजाचा चिरा निखळून दरीत गेला.

“मी जाते,” ती म्हणाली.

“जा,” नागोजी म्हणाला. “पण मग उद्याही जावे लागेल. आणि परवा मी कोणाला हाक मारू ते सांगून जा.”

ती पुन्हा खाली बसली. इतके अवघड काम तिने त्या राज्यात दुसरे केले नव्हते.

तेवढ्यात दरबारातून धनेशाचा आवाज आला. त्याने चोच उघडली ती मिटलीच नाही. जागा रिकामी, जागा रिकामी. राजा शूरध्वज हातातला पेला टाकून उठला. त्याने असे ओरडणे राज्यावर आल्यापासून ऐकले नव्हते. गाणारा कोण, कुठे आहे, असे त्याने विचारले. प्रधानांनी माथ्याकडे बोट दाखवले.

अंबुजाला भुयाराच्या तोंडाशी बोलावले. दरबाऱ्यांना पायापासून कमरेपर्यंतचीच एक बाई येताना दिसली.

मतिसागर म्हणाले, “महाराज, हिने काम टाकले.”

“महाराज,” अंबुजा म्हणाली, “मी वाऱ्याची राखणदार आहे. दारे उघडली आहेत, पडाव चालू आहेत. गाणे माझे कधीच नव्हते. गायक नाहीसा झाला म्हणून मी गायले. कोणी नेमेल म्हणून गात राहिले. गात राहिले म्हणून कोणी नेमले नाही.”

भुयारात अजगराने एक डोळा उघडला. त्याचा पिवळा उजेड सर्वांच्या पायांवर पडला.

राजाने विचारले, “आता कोण गाणार?”

“ज्याचा गड आहे, त्याने गावे.”

राजा वाईट नव्हता. त्याला कधी कोणी काही सांगितले नव्हते एवढेच. तो मुकाट्याने भुयारात उतरला, चौथऱ्यावर बसला आणि लहानपणी दाईने म्हटलेली अंगाई आठवून गाऊ लागला. सूर भयंकर होता. पण अजगराला सुराचे नव्हे, गाणाऱ्याचे कौतुक होते. त्याचा डोळा अर्धा मिटला.

आणि राजा मुकुटासकट दिसेनासा झाला.

बाहेर एकच गोंधळ उडाला. महाराज गेले, असे प्रधान इतक्या चटकन म्हणाले की काहींना नवल वाटले. गादीचे पुढे कसे, याची कुजबुजही सुरू झाली. चौथऱ्यावर बसलेला राजा हे सर्व ऐकत होता आणि गात होता. आपण इथे आहोत आणि कोणाला दिसत नाही, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होते. कडव्याच्या शेवटी तो श्वास घ्यायला थांबला, तेव्हा त्याला अगदी जवळ दुसरा एक श्वास ऐकू आला.

“इथे कोणीतरी आहे,” राजा म्हणाला. मग, घसा साफ करून, “कोण आहे? नाव काय तुझे?”

अगदी विझत आलेला आवाज म्हणाला, “हरिपाळ, महाराज. थोडे सरकाल का? माझ्या मांडीवर बसला आहात.”

शाप तुटला.

चौथऱ्यावर राजा दिसला आणि त्याच्याखालून सरकणारा, दाढी वाढलेला हरिपाळही. अंबुजाच्या आधी नौबतीचे आणि गाण्याचे काम त्याने एकट्याने केले होते, म्हणून शापाने त्याला पुरते गिळले होते, आणि पुरता नाहीसा झालेला माणूस कामाच्या जागेवरून हलू शकत नसे. अंबुजा गात असताना तो रोज तिला हाका मारत होता. तिने कधी गाणे थांबवले नाही, म्हणून तिला ऐकू आले नाही.

वर राजवाड्यात जिकडे तिकडे माणसे उमटली. झुंबर पुसणारा शिडीवर उमटला. सिंहासनामागे चवरी ढाळणारी एक म्हातारी उमटली. राजाला आजवर वाटत असे की तिथे झुळूकच असते. अंबुजाने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले आणि नागोजीकडे वळली. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

मग पुढे सर्व रीतसर झाले. दोन्ही पिसे कामी आली: एकाने तीन नव्या गायकांची नेमणूक लिहिली, दुसऱ्याने वाऱ्याच्या दारांना दुसरी राखणदार मिळाली. हरिपाळ आवाज परत येईपर्यंत समुद्राकाठी राहायला गेला. नौबत मात्र राजाने प्रधान मतिसागर यांच्याकडे दिली, प्रधानकी सांभाळून, नवा माणूस मिळेपर्यंत. तो माणूस तिसऱ्याच दिवशी मिळाला.

अंबुजा दुपारी घरी जेवू लागली.

फक्त एक गोष्ट राहिली. हरिपाळाचा आवाज तुटला त्या सकाळी, अंबुजा पोहोचेपर्यंत गाणे थांबलेलेच होते. तेव्हा तू का ओरडला नाहीस, असे राजाने भर दरबारात धनेशाला विचारले.

धनेश म्हणाला, “ओरडलो, महाराज. पण माझ्या पिंजऱ्यावर जाड घोंगडी टाकली होती.”

घोंगडी टाकणारा कोणालाही दिसला नव्हता. म्हणजे तो राजाच्या कामावर होता. म्हणजे ते काम त्याला कोणीतरी सांगितले होते. कोणी सांगितले, असे राजाने प्रधानांना विचारले, प्रधानांनी कोषाध्यक्षाला, कोषाध्यक्षाने पिंजऱ्याच्या रखवालदाराला, आणि रखवालदाराने प्रधानांकडे पाहिले. उत्तर अजून कोणी दिलेले नाही.